जुना वासोटा: ज्या डोंगरावर कोणी जात नाही



मागच्या पंधरवड्यात बांधावरची रानमोडी उपटायची नोंद टाकली, तेव्हा ओळखीच्या एका कृषी सहायक ताईंनी फोन करून विचारलं, "दादा, या एका तणावर तुमचा एवढा राग का?" राग नाही ताई. उलट या तणानं मला एकदा माझ्या आजोबाचं शेत दाखवलं होतं. तेही अशा डोंगराच्या उतारावर, जिथं आता कोणी जात नाही. ती हकिगत बरेच दिवस लिहायची राहिली होती. ज्वारीची काढणी उरकलीय, डाळिंबाच्या मृग बहाराच्या ताणाला अजून वेळ आहे, तर आज लिहून टाकतो. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

वासोटा किल्ला बहुतेकांना माहीत आहे. सातारा जिल्हा, जावळी तालुका, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या पलीकडच्या काठाला. बामणोलीहून लाँच करायची, तास-दीड तास पाण्यावरून जायचं, मेट इंदवलीला उतरून वनखात्याकडं नोंद करायची आणि रानातून चढायचं. सुट्टीच्या दिवशी आता रांग लागते म्हणे. गडाच्या दक्षिण टोकाला गेलं की समोर बाबुकडा दिसतो. घोड्याच्या नालेसारखा वळलेला, सरळ तुटलेला, खाली थेट कोकण. त्या कड्याच्या पलीकडच्या अंगाला आणखी एक डोंगर उभा आहे, गडापेक्षा उंच आणि डोक्यापासून पायापर्यंत झाडीनं झाकलेला. फोटो सगळे काढतात, जात कोणी नाही. तो जुना वासोटा. धड वाट नाही, पाण्याची सोय नाही आणि जनावरांचा वावर.

मी तिथं १९९९ च्या मार्चमध्ये गेलो होतो, चुलत्यांबरोबर. का गेलो ते पुढं सांगतो. आधी इतिहास, कारण त्याशिवाय या डोंगराची गंमत कळणार नाही.

वासोटा शिलाहारांच्या काळचा मानतात. शिवाजी महाराजांच्या ताब्यात तो १६६० मध्ये आला, महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यात असताना. त्याचं दुसरं नाव व्याघ्रगड. हा गड तसा लढाईचा नव्हता, आडबाजूचा होता. माणसं आणि मत्ता दडवून ठेवायची जागा, कैदी ठेवायची जागा. बाहेरच्या माणसाला तिथवर पोचणंच अवघड, हीच त्याची तटबंदी. पायथ्याच्या गावाच्या नावातच "मेट" आहे बघा. मेट म्हणजे गडाच्या वाटेवरची चौकी. तिथं राहणारे मेटकरी. त्यांनी वाट राखायची आणि रानही राखायचं, बदल्यात जमीन कसून खायची. म्हणजे हे रान आपोआप वाढलेलं नव्हतं, ते राखलेलं होतं.

हे मी मनचं सांगत नाही. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आहे, १७१५ सालचं. राज्य कसं चालवावं याचं ते हातपुस्तकच. त्यात किल्ल्यांवर मोठं प्रकरण आहे. गडाच्या अंगची झाडी जतन करावी, त्यातली काठीसुद्धा तोडू देऊ नये, सोप्या वाटा मोडून त्यावर झाडी वाढवावी, असं त्यात सांगितलंय. आणि आणखी एक गोष्ट सांगितलीय, जी मला फार महत्त्वाची वाटते. किल्ल्याजवळ दुसरा डोंगर असू नये. असला तर सुरुंग लावून तो कमी करावा. तेही जमत नसेल तर ती जागा मोकळी न सोडता तीही बांधून मजबूत करावी. शेतकऱ्याला हे लगेच कळतं. शेजारचं रान पड पडलं की घुशी आपल्या उसात येतात. आपला बांध कितीही साफ ठेवा.

आता वासोट्याशेजारी दुसरा डोंगर होताच, आणि तोही उंच. जुना वासोटा.

पुढचा भाग एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. परशुराम पंतप्रतिनिधींना दुसऱ्या बाजीरावानं मसूरला कैदेत टाकलं, तेव्हा त्यांच्या बाजूनं ताई तेलीण उभी राहिली आणि तिनं वासोटा धरला. समोर पेशव्यांचा सेनापती बापू गोखले. जुनी गॅझेटियर सांगतात की तिनं गड आठ महिने झुंजवला आणि शेवटी धान्याच्या कोठाराला आग लागली म्हणून तो द्यावा लागला. शाळेच्या पुस्तकात ही बाई नसते, असायला पाहिजे. माझ्या डोक्यात मात्र ते कोठारच राहिलं. कडा नाही, तोफ नाही, दाणा संपला म्हणून गड गेला. तो दाणा कुठून चढला असेल? पायथ्याच्या गावांतूनच. नाचणी, वरी, थोडा भात.

त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी, १८१८ च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इंग्रज आले. पेशवाई तेव्हा मोडलीच होती. फेब्रुवारीत सातारचा किल्ला गेला, त्याच महिन्यात अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले, प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या छावणीत गेले. महाराजांच्या घरची काही माणसं आणि पेशव्यांनी पकडलेले दोन इंग्रज अधिकारी वासोट्यावर होते. जनरल प्रिट्झलर फौज घेऊन आला. त्यानं गडाच्या दरवाजाशी डोकं फोडलं नाही. रानातून वाट काढली, तोफा जुन्या वासोट्यावर चढवल्या आणि वरून मारा केला. जेमतेम एक दिवस. गड खाली झाला.

आठ महिने आणि एक दिवस. पंतांनी शंभर वर्षं आधी लिहून ठेवलेलं होतं: शेजारचा उंच डोंगर मोकळा सोडू नका. इथं त्या डोंगरावर भरवसा टाकला होता तो रानाचा. एवढ्या झाडीतून तोफ कोण चढवणार! हे मी नुसतं वाचून लिहिलं असतं तर "रान तोडून तोफा चढवल्या" एवढंच लिहिलं असतं आणि पुढं गेलो असतो. वर चढून आल्यावर तसं लिहिता येत नाही.

आता आमचं.

कोयना धरणाचं पाणी साठच्या दशकाच्या सुरुवातीला चढायला लागलं. १०५ टीएमसीचं धरण, महाराष्ट्राची वीज त्यावर चालते असं आम्ही शाळेत अभिमानानं पाठ केलंय. त्या पाण्याखाली आमचं गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण कागदपत्रांचं काम अजून मिटलेलं नाही. तेव्हा तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, चौदा वर्षांचे होते. घरातली जाती आणि दोन गाभण म्हशी घेऊन आमचे लोक सोलापूर जिल्ह्यात आले. जिथं वर्षाला शेकडो इंच पाऊस बघितला, तिथून पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या मुलखात. आजोबांना काळ्या जमिनीत पाभर कशी धरायची ते माहीत नव्हतं. नाचणी लावणारा माणूस, त्याला लोकांनी ज्वारी शिकवली. पहिली तीन वर्षं हसू झालं म्हणायचे. नंतर जमलं.

वाद होता तो वरच्या जमिनीचा. भातखाचरं पाण्यात गेली, त्यांची मोजणी झाली. पण पाणीरेषेच्या वर डोंगरउतारावर आमची वरकस होती, नाचणी-वरीची. ती बुडाली नाही. बुडाली नाही म्हणून मोबदला नाही. आणि गावच उठलं, तर ती कसायला जाणार कोण? पुढं १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं, त्यात ती जमीन आत गेली. तात्यांनी एका कचेरीत अर्ज केला, तेव्हा तिथल्या साहेबांनी कागद बघून सांगितलं, "इथं पड लिहिलंय. जंगलच आहे हे. शेती कुठली?" तात्या घरी आले ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चल, बघून येऊ. जंगल हाय का शेत हाय."

जुन्या वासोट्यावर जायचं माझं खूळ होतं, शेत बघायचं तात्यांचं. दोन्ही एकाच वाटेवर निघालं. परवानगीची चिठ्ठी घेतली, एक वनरक्षक बरोबर दिले. काठावरच्या गावातले एक मामा वाटाड्या म्हणून घेतले, साठीच्या पुढचे, अंगावर एक कुडता आणि कंबरेला आकडीत कोयता. आदल्या रात्री बामणोलीकडच्या नातेवाइकांकडं मुक्काम केला आणि उजाडायला लाँच सोडली.

लाँच मध्यावर आली तशी तात्यांनी चप्पल काढली. का ते मी विचारलं नाही.

उतरल्यावर थोडं अंतर नेहमीची वाट होती. मग मामांनी ती सोडली आणि डाव्या अंगाला शिरले. आणि तिथंच आमची पहिली फजिती झाली. समोर भिंत. रानमोडी पुरुषभर उंच, तिच्यात घाणेरी विणलेली, वरून चिलारीचे आकडे आणि शिकेकाईच्या वेली. कोयता चालवायला जागा नाही. मार्च असल्यानं खाजकुइलीच्या शेंगा वाळलेल्या. मी जोर लावून पुढं घुसलो आणि मानेवर, हातावर ती कुसं पडली. ज्यांना लागलीय त्यांना सांगायला नको. मी नाचायला लागलो. गार्डसाहेब हसू दाबत होते. मामांनी इकडंतिकडं बघितलं, गव्याचं शेण पडलं होतं ते उचलून माझ्या मानेला थापलं. "ऱ्हाऊ दे वाळंस्तवर." वाळून पोपडा निघाला तशी कुसंही निघाली. (कृषिविद्यापीठवाले खाजकुइलीच्या बिनखाजेच्या जातीची शिफारस आच्छादनासाठी करतात. मी अजून लावलेली नाही. कारण समजून घ्या.)

दोन तासांत जेमतेम हाकेच्या टप्प्याएवढं अंतर गेलो असू. मला वाटलं, हेच असं असेल तर वरचं घनदाट रान कसलं पार होतंय. इतक्यात पायाखाली दगड लागला. सुटा नाही, रचलेला. गुडघाभर उंचीची ताल, उताराला आडवी. तिच्यावर चढलो तर वर सपाटी, पुन्हा रानमोडी, पुन्हा ताल. तात्या खाली बसले आणि हातानं पालापाचोळा बाजूला करत त्या दगडांवरून सरकत गेले. मग एकदम म्हणाले, "आरं, ही आमची न्हाई. ही भावकीची. आमची वर."

तिथून आम्ही रानमोडीच्या मागं मागं गेलो असं म्हणायला हरकत नाही. जिथं ती दाट, तिथं ताल. एके ठिकाणी खडकात कोरलेलं उखळ सापडलं, पाचोळ्यानं भरलेलं. त्याच्या वरच्या अंगाला खळं. खळ्याच्या मध्ये तिवड्याचा दगड तसाच होता, भोकासकट. कडेला एक फणस, दोघांच्या कवेत न मावणारा. तात्यांनी त्याला हात लावला आणि सांगितलं की हा त्यांच्या चुलतआज्यानं लावलेला. फणसावरून आज्ञापत्रातली आणखी एक गोष्ट आठवली. आरमारासाठी लाकूड लागेल, पण रयतेची आंबा-फणसाची झाडं बळजबरीनं तोडू नका, लेकरासारखी वाढवलेली असतात, असं त्यात सांगितलंय. ते वाचताना मला राजाचा मोठेपणा दिसायचा. त्या दिवशी ते झाड लावणारा माणूस दिसला.

आता थोडं रानमोडीबद्दल, कारण इथं शेतीची माणसं वाचतात. ही आणि घाणेरी दोन्ही अमेरिका खंडाकडून आलेली तणं, इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात बागेतल्या झाडांसारखी कलकत्त्याकडं आणलेली. त्यांना ऊन लागतं आणि मोडलेली, उघडी पडलेली जमीन लागते. दाट सावलीत ती शिरत नाहीत. म्हणजे प्रिट्झलरच्या माणसांनी १८१८ मध्ये इथं जे रान तोडलं, त्यात हे जाळं नव्हतंच. ते आमच्यानंतर आलं. माणूस उठला, ताली मोकळ्या पडल्या, ऊन होतंच, तणानं जागा धरली. ज्याला आम्ही सकाळी शिव्या देत होतो ते आमचंच पड शेत होतं.

आणि वर गेल्यावर हे उलट बाजूनंही दिसलं. ताली संपल्या, चढ उभा झाला, तिथं कारवी सुरू झाली. कारवीत चालणं त्रासाचं, काठ्या तोंडावर येतात, पण तिच्यात वाट काढता येते. याच काठ्यांचे कूड आमच्या घरांना असायचे, वरून शेणमातीचा लेप. कारवीच्याही वर गेलो आणि झाडी एकदम बंद झाली. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा. वर छत, खाली गार, मऊ पाचोळा. कोयता काढायची गरज पडली नाही. चौघं चौघांच्या बाजूनं चालू शकलो. ज्या रानाला मी सकाळपासून घाबरत होतो, ते खरं जुनं रान चालायला सगळ्यात सोपं निघालं. शेकरू एका फांदीवरून आमच्यावर ओरडत होतं, तेवढाच अडथळा.

तेव्हा मला तोफांचं कोडं थोडं सुटलं. उभा चढ सोडला तर जुन्या रानात ओढत नेणं अशक्य नाही. माणसं पाहिजेत, दोर पाहिजेत, आणि खालची वाट दाखवायला कोणीतरी पाहिजे. इंग्रजांना वाट कुणी दाखवली असेल? मेटकऱ्यांपैकी कोणी? या विचारावर तात्या रागावले. "आपल्यातलं कोन न्हाई दाखवनार," म्हणाले. मामा मात्र शांतपणे तंबाखू मळत बोलले, "पोटाला मागं लागलं म्हंजी मानूस काय बी दाखिवतो." दोघांपैकी कोण खरं ते मी ठरवू शकत नाही.

दुपारी साडेबाराच्या सुमारास कड्याच्या धारेवर आलो. अगदी माथ्यावर दाटी इतकी की मोकळी जागा म्हणून नाही. बुरूज, तट, टाकं असं काही आमच्या नजरेला पडलं नाही. पण एका ठिकाणी झाडं संपली आणि समोर बाबुकड्याची दरी उघडली. पलीकडं नवा वासोटा. आणि तो खाली होता. म्हणजे बघा, खालून चढताना जो गड आभाळात दिसतो, तो इथून परातीत वाढल्यासारखा दिसतो. सगळा उघडा. एक माणूस तिकडच्या टोकावर उभा होता, त्याच्या अंगातला पांढरा शर्ट कळत होता. गडावरच्यांनी इथं पहिली तोफ बघितली असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, ते सांगायला इतिहास लागत नाही.

भाकरी, चटणी, कांदा तिथंच खाल्ला. पाणी फार जपून, दोन कॅनच होते. गार्डसाहेब तोवर गप्प असलेले बोलायला लागले. ते विदर्भाकडचे, नोकरीत नवीन. म्हणाले, "आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे अस्पर्श जंगल म्हणून शिकवतात." तात्यांनी भाकरीचा तुकडा तोडता तोडता विचारलं, "मग ते खळं कुनी घातलं, साहेब? वाघानं?" गार्डसाहेब हसले, पण नंतर उतरताना त्यांनी वहीत त्या खळ्याची, उखळाची, तालींची नोंद घेतली, किती पावलं ते मोजून. मला तो माणूस आवडला.

उतरताना तात्यांनी जमिनीचा सगळा हिशेब सांगितला, तो इथं लिहून ठेवतो. वरकस सलग कसायची नसे. पहिल्या वर्षी राब भाजून नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी कारळे, कधी कुणी चौथं पीकही घेई, मग आठ-दहा वर्षं सोडून द्यायची. तोवर कारवी आणि झुडपं वाढायची, पाला पडायचा, जमीन पुन्हा धरायची. म्हणजे कोणत्याही एका वर्षी बघितलं तर शेताचा मोठा भाग रानासारखाच दिसणार. इथंच कागदाची गोम आहे. इंग्रजांनी १८४७ मध्ये मुंबई इलाख्याला पहिला वनसंरक्षक नेमला, डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन. तो आणि त्याच्यासारखे साहेब या भाजून करायच्या शेतीच्या, कुमरीच्या, विरोधात होते. डोंगर उघडे पडतात, झरे आटतात, नद्या गाळानं भरतात, असं त्यांचं म्हणणं. पुढं १८७८ चा वन कायदा आला आणि रानाच्या हद्दी आखल्या गेल्या. गिब्सनचं सगळंच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. लोक वाढले, विश्रांतीची वर्षं कमी झाली, की उतार धुपतो, हे मी माझ्या डोळ्यांनी इतर ठिकाणी बघितलंय. पण विश्रांतीत असलेल्या शेताला "पड" लिहायचं आणि पडीला "जंगल" म्हणायचं, ही वाट मात्र तिथूनच निघाली. आमच्या अर्जावर बसलेले साहेब बिचारे त्याच वाटेनं चालले होते.

खळ्यापाशी पुन्हा थांबलो. तात्यांनी ढासळलेल्या तालीतला एक दगड उचलून जागेवर बसवला. मग दुसरा. मी आणि मामांनीही हात लावला. दहा-पंधरा दगड झाले असतील, तोवर गार्डसाहेब घड्याळ दाखवायला लागले. अंधार पडायच्या आत लाँच गाठायची होती. तात्या उठले आणि हात झटकून चालायला लागले.

त्या अर्जाचं पुढं काय झालं असं विचाराल. त्या साहेबांची बदली झाली. नवीन साहेबांनी पुन्हा कागद मागवले. गार्डसाहेबांच्या वहीतल्या नोंदीची नक्कल आम्हाला मिळाली, ती फाइलला लावली. फाइल आहे. तात्या २०१६ मध्ये गेले. मी वर्षातून एकदा जाऊन विचारून येतो.

डोंगराचं म्हणाल तर २०१० मध्ये तो भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आला, २०१२ मध्ये कोयना पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. त्यात वाईट काही नाही. रान वाढलंय, गवे वाढलेत. नवा वासोटा परवानगीनं बघता येतो, संध्याकाळच्या आत परत यावं लागतं. जुन्या वासोट्याकडं मात्र जाऊ नका. परवानगी नाही, आणि आमची पंचवीस वर्षांपूर्वीची वाट आज सापडणारही नाही. नव्या गडाच्या दक्षिण टोकावर उभे राहा आणि समोर बघा. झाडीच्या खालच्या पट्ट्यात रंग जरा वेगळा, फिकट पोपटी दिसला, तर तिथं ताली असणार.

एक विचारायचंय. तात्यांच्या मते तिसऱ्या वर्षी कारळे, पण आमची आजी तीळ म्हणायची. जावळी, पाटण, महाबळेश्वर किंवा खाली खेड-चिपळूण भागात ज्यांच्या घरी वरकस कसलेली जुनी माणसं आहेत, त्यांनी फेरपालटाचा क्रम आणि सोडायची वर्षं विचारून कळवा. गावाचं नाव आणि उताराची दिशा सांगितली तर फार बरं. आणि कोणाकडे धरणाआधीचे पाहणीपत्रक असेल, तर त्यावर पीक काय लिहिलंय ते बघा. "पड" लिहिलं असेल तर आधीच्या आणि नंतरच्या चार-चार वर्षांचीही पानं जपून ठेवा.